भाग दोन माझ्याकडे होता

मंगला,

तुझ्या प्राचार्यांचा फोन आला होता. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या म्हणाले. दिली. त्या दोन पानांत तू कष्टाळू आहेस, विद्यार्थिप्रिय आहेस आणि मनमिळाऊ आहेस. मनमिळाऊ लिहिताना मला हसू आलं. तुझ्याकडे खोडरबर मागितलं तर आधी काय चुकलं ते विचारायचीस, चूक नीट ऐकून घ्यायचीस आणि मगच खोडरबर द्यायचीस. पण वार्षिक अंकात असं कोणी लिहीत नाही.

एक गोष्ट मी त्या दोन पानांत घातली नाही. ती तुला तोंडावर सांगायला मला पंचवीसेक वर्षं मिळाली होती, ती पुरली नाहीत. म्हणून हे वेगळं लिहिते आहे. बारावीच्या गणिताच्या पेपरच्या दोन दिवस आधी मला कळलं होतं, की इंटिग्रेशनमधली एक गोष्ट मी तुला चुकीची शिकवली. कळूनही मी तुला सांगितलं नाही.

तू नरखेडकडची. दहावी करून नागपुरात सक्करदऱ्याला मावशीकडे आलीस, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. अकरावीला आपण एका बाकावर बसलो, कारण मराठी शाळेतून आलेल्या मुली आपण दोघीच होतो. सर इंग्रजीत शिकवायचे आणि तू वहीच्या समासात प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थ लिहायचीस. मला ते बावळटपणाचं वाटायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र मी तोच समास उतरवून घ्यायचे.

बारावीचं वर्ष सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा गणिताचे सर बदलून गेले आणि जागा रिकामी राहिली. वर्गातली बाकीची पोरं ट्यूशनला लागली. तुला जाता येत नव्हतं, कारण मावशीची खानावळ होती आणि ट्यूशनच्या वेळेला तू पोळ्या लाटत असायचीस. मला जाता येत होतं, पण मी गेले नाही. अकरावीत त्या ट्यूशनवाल्या सरांनी माझा पेपर पाहून "ही काठावरची पोरगी आहे" असं चारचौघांत म्हटलं होतं. पुन्हा त्यांच्या दारात पाऊल टाकायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. आपल्या दोघींमध्ये नाकावरचा राग कोणाला होता, हे काही वेगळं सांगायला नको.

पुस्तकांचा संचही दोघींत मिळून एकच होता. गणिताचा भाग एक तुझ्या चुलतभावाचा, तो तुझ्याकडे. भाग दोन मी बर्डीच्या बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणला होता. घरी येऊन पाहते तर शेवटची पानं गायब, आणि उत्तरं नेमकी तिथेच. तू म्हणालीस की बरं झालं, आता उत्तर पाहून उलटं गणित करता येणार नाही. मग तूच वाटणी केलीस. सगळं दोघींनी शिकत बसलो तर दोन वर्षं लागतील, तेव्हा भाग एक तू शिकायचा, भाग दोन मी शिकायचा आणि दर रविवारी एकमेकींना शिकवायचं.

खानावळीत भाजीचं नाव लिहायला एक फळा होता. रविवारी सकाळी त्यावरचं वांगं-बटाटा पुसून आपण गणितं मांडायचो आणि पंगत बसायच्या आधी परत वांगं-बटाटा लिहायचो. एकदा तू मॅट्रिक्स पुसायला विसरलीस. मावशी बराच वेळ फळ्याकडे बघत उभी राहिली आणि ही भाजी बाजारात कुठे मिळते म्हणाली. जेवायला आलेल्या पोरांनी तर पुढचा आठवडाभर येऊन मॅट्रिक्सच मागितली.

तू शिकवायला लागलीस की मला पुढे जाता यायचं नाही. वेक्टरचं एक गणित तू मला चार रविवार करायला लावलंस. मला आलं आहे हे मी शपथेवर सांगितलं तरी तू म्हणायचीस, मग मला शिकव, मी कोरी आहे. मी शिकवायला लागले की तिसऱ्या ओळीला अडकायचे आणि तू गालात हसायचीस. तेव्हा मला तुझा संताप यायचा. नंतर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत गणितातलं जे काही माझ्या डोक्यात टिकलं, ते तू शिकवलेलं टिकलं. हेही तुला कधी सांगितलं नाही, पण ते तुला माहीत असावं.

मी शिकवायचे ते घाईत आणि ठासून. मला एकदा वाचून कळायचं, निदान कळल्यासारखं वाटायचं, आणि समोरच्यालाही एकदाच सांगून कळावं अशी माझी अपेक्षा असायची. अशाच एका रविवारी मी तुला इंटिग्रेशनमधलं सब्स्टिट्यूशन शिकवलं. ज्याला गणिताचं काही देणंघेणं नाही अशा कोणाच्या हाती हे लागलं तर म्हणून सांगते. प्रश्नात एक्स असतो आणि तो कुठून कुठपर्यंत घ्यायचा याचे दोन आकडे दिलेले असतात, त्यांना लिमिट म्हणायचं. गणित सोपं व्हावं म्हणून एक्स काढून त्याच्या जागी टी आणतात. टी आणला की एक्सचे आकडे त्याला चालत नाहीत. रस्ता मैलांत मोजायला घेतला तर पाटीवरचे किलोमीटरचे आकडे जसे कामाचे नाहीत, तसंच. एकतर आकडे बदलायचे, नाहीतर शेवटी टी काढून एक्स परत आणायचा.

मी तुला सांगितलं, आकडे तेच ठेवायचे. मला तसंच वाटत होतं, आणि ताळा पाहायला उत्तरं नव्हती.

तू तीनदा विचारलंस. तिसऱ्यांदा तू खडू खाली ठेवलास.

"नंदे, मले पटून नाही राहिलं वं. एक्स बदलला, मग लिमिट तेच कसे राहतीन?"

"पुस्तक कोणाकडे आहे, माझ्याकडे का तुझ्याकडे?"

मी सांगितलं तसं तू वहीत उतरवून घेतलंस. तुला एखादी गोष्ट पटली नसताना तू लिहून घेतल्याचं मी त्या वर्षात तेवढं एकदाच पाहिलं. तुझा माझ्यावर विश्वास होता.

पेपर बुधवारी होता. सोमवारी दुपारी मी कॉलेजच्या ग्रंथालयात एक पुस्तक परत करायला गेले. टेबलावर भाग दोन पडलेला होता, शेवटच्या पानांसकट. सहज म्हणून मी सब्स्टिट्यूशनच्या त्या उदाहरणसंग्रहाची उत्तरं उघडली. अकरा गणितं होती. माझी सगळी उत्तरं मला पाठ होती, इतक्या वेळा केली होती. अकराच्या अकरा चुकलेली निघाली. मी पुस्तकातला तेवढा भाग पुन्हा वाचला, पंधरा मिनिटांत चूक सापडली. एक्स परत आणायचा, एवढं मी डोक्यात पक्कं केलं आणि घरी आले.

तुझ्याकडे जायचं, हे ठरवूनच ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरले होते. गेले नाही. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले, की ऐन वेळी सांगितलं असतं तर तू बिथरली असतीस. हे तसं खोटं नाही. एक गोष्ट चुकली म्हटल्यावर भाग दोनमधल्या बाकीच्या सगळ्यावर तुला शंका आली असती. पण खरं कारण ते नव्हतं. आपल्या वेळी बारावीच्या मार्कांवरच इंजिनिअरिंगची यादी लागायची आणि सरकारी कॉलेजच्या त्या यादीत आपण दोघीही असणार होतो. हे माझ्या मनात आलं होतं. आणि त्याच्याही आधी लाज आली होती. पुस्तक कोणाकडे आहे असं ज्या तोंडाने विचारलं, त्याच तोंडाने मी चुकले म्हणायचं, हे मला जमेना. लाज आधी आली आणि यादी मागून आली. पण मागून का होईना, आली.

मंगळवारी संध्याकाळी पोळ्या आटोपून तूच आमच्याकडे आलीस. हाताला पीठ तसंच होतं. तू दारातूनच विचारलंस.

"भाग दोनमधलं काही राहिलं का वं सांगाचं?"

"नाही," मी म्हटलं. "सगळं झालं."

यादी लागली. माझं नाव होतं. तुझं दोन मार्कांनी राहिलं. तू माझ्या घरी पेढे घेऊन आलीस, माझ्याच ॲडमिशनचे. माझ्या आईला म्हणालीस की हिचा अर्धा पेपर मी लिहिला आहे, त्यामुळे पेढे मीच वाटणार. आई हसली. मी आत जाऊन पाणी प्यायले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

पुढे तू बी.एस्सी. केलंस, एम.एस्सी. केलंस आणि तुझ्याच तालुक्यातल्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायला लागलीस. मी इंजिनिअर झाले आणि आता मौद्याच्या वीज केंद्रात पंपांच्या दुरुस्तीचं पाहते. तू कधी हळहळल्याचं मी पाहिलं नाही. तुला इंजिनिअरिंग आवडलंच नसतं, असं तू भेटेल त्याला सांगायचीस. ते ऐकून मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून मग स्वतःचीच चीड यायची. हे इतकी वर्षं चाललं.

दर दिवाळीनंतर आपण भेटायचो आणि दर वेळी त्याच मुद्द्यावर भांडायचो. तुझं म्हणणं, लिमिट आधी बदलायचे, मागे फिरायचं नाही. माझं म्हणणं, एक्स परत आणला तरी उत्तर तेच येतं, मग पोरांवर सक्ती कशाला. तू म्हणायचीस उत्तर येते, पण पोरं एक्स परत आणायला विसरतात. मी म्हणायचे विसरणारी पोरं लिमिट बदलायलाही विसरतील. भाऊजी, म्हणजे तुझे प्रमोद, चहाचा कप घेऊन अंगणात निघून जायचे. चाळिशी ओलांडलेल्या दोन बायका एका इंटिग्रेशनवरून आवाज चढवतात, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. मी भांडत असायचे आणि आतून वाट पाहत असायचे, की आता तू म्हणशील, मग तेव्हा मला काय शिकवलं होतंस? तू एकदाही म्हणाली नाहीस. भांडण अर्धवट राहिलं. अजूनही मला वाटतं की मुद्दा माझाच बरोबर होता.

तू आजारी पडल्यावर नागपूरला दवाखान्यात तुला भेटायला आले तेव्हा सांगायचंच असं ठरवून आले होते. संत्री आणली होती, तर ती आंबट आहेत म्हणालीस. नरखेडसारख्या संत्र्याच्या मुलखातल्या माणसाला नागपुरातून संत्री आणणारी तू पहिलीच, असंही वर ऐकवलंस. मग बोलता बोलता बारावीचा विषय निघाला. काढला तूच.

"त्या पेपरात मी इंटिग्रेशनचा तो प्रश्न घेतलाच नव्हता वं. ऑप्शनले टाकला. माहे मार्क वेक्टरमदी गेले. मायनस विसरली मी. माह्याच भागात."

मंगला, ते ऐकून माझं ओझं उतरलं. पंचवीसेक वर्षांत पहिल्यांदा. माझ्यामुळे तुझी सीट गेली नव्हती. मी तुझा हात धरला आणि तू तसाच धरू दिलास. पण सांगायचं ठरवून आलेलं मी त्या दिवशीही सांगितलं नाही. नुकसान झालंच नाही, तर आता आजारी माणसाला कशाला सांगायचं, असं म्हणून मी जिना उतरले. गाडीत बसल्यावर कळलं, की हे त्या मंगळवारच्या संध्याकाळसारखंच झालं. तेव्हा तू परीक्षेला बसणार होतीस म्हणून सांगितलं नाही, आता तू आजारी म्हणून नाही. माझ्याकडे कारण नेहमी तयार असतं. तू तो प्रश्न खरंच सोडून दिला होतास, की माझ्या तोंडाकडे पाहून तसं म्हणालीस, तेही मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी विचारीन म्हटलं. त्या रविवारच्या आधीच तू गेलीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भंतेजींची वंदना झाल्यावर मला चार शब्द बोलायला लावलं. मी फळ्यावरच्या मॅट्रिक्सचं सांगितलं. लोक हसले, भाऊजीही हसले. तिथेच प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. तुझी जागा रिकामी झाली होती, नवीन माणूस मिळेपर्यंत वेळ जाणार होता आणि बारावीच्या पोरांचं डेफिनेट इंटिग्रेशन अर्धवट राहिलं होतं. मला जमेल का, म्हणाले. मी हो म्हटलं. माझी सुट्टी रविवारची, म्हणून पोरं रविवारी यायला तयार झाली.

गेल्या रविवारी पहिला वर्ग घेतला. तीसेक पोरं होती. कोणी मोटारसायकलवर तिघं बसून आलं होतं, कोणी सकाळच्या एसटीने. मी एक गणित घातलं आणि बाकांमधून फिरायला लागले. अर्ध्यावर एक मुलगा आपणहून उभा राहिला.

"मॅडम, मी साइनचं डेरिव्हेटिव्ह चुकीचं लिहिलं होतं. आता कळलं."

मी काही बोलायच्या आत सगळा वर्ग एका सुरात "बस" म्हणाला आणि तो बसला. मला वाटलं, चेष्टा चालली आहे, मी जरा आवाज चढवला. तेव्हा पुढच्या बाकावरच्या रोशनी नावाच्या मुलीने समजावलं. ही तुझी पद्धत. ज्याला स्वतःची चूक सापडली त्याने उभं राहून सांगायची, वर्गाने बस म्हणायचं आणि त्यानंतर त्या चुकीचं नाव कोणी काढायचं नाही, वर्गातही नाही आणि एसटी स्टँडवरही नाही. वीस वर्षं तू ही पद्धत चालवलीस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस.

मग सब्स्टिट्यूशन आलं. मी फळ्यावर टी मांडला तशी पोरं आपणहून ओरडली, लिमिट आधी बदला. तू इतकं घोटून घेतलं होतंस. मी म्हटलं, एक्स परत आणूनही येतं, आणि करून दाखवलं. रोशनीने उत्तर पडताळून पाहिलं, मान हलवली आणि मग विचारलं.

"मॅडम, उत्तर तर दोन्हीकडून येऊन राहिलं. मग आमच्या मॅडम याच्यासाठी इतक्या काहून रागवत होत्या?"

मला सांगता आलं असतं की शिस्त म्हणून. खडू हातात होता, वळून पुढचं गणित घालता आलं असतं. मी खडू खाली ठेवला.

मी म्हटलं, "कारण बारावीत मी तिला हे चुकीचं शिकवलं होतं. तिने तीनदा विचारलं, मी ऐकलं नाही. पेपरच्या दोन दिवस आधी माझी चूक मला कळली. ती घरी आली होती, काही राहिलं का म्हणून विचारायला. मी नाही म्हटलं. नंतरही कधी सांगितलं नाही."

पोरं आधी एकमेकांकडे पाहत होती, मग रोशनीकडे. मी फळ्यापाशी उभी होते आणि आता काय करायचं ते मला कळत नव्हतं. रोशनीने हातातला पेन खाली ठेवला.

"बसा, मॅडम," ती म्हणाली.

मग बाकीचेही म्हणाले, सगळे मिळून, तू शिकवलंस तसं.

मी बसले.

तुझी,
नंदा